मुद्दल

अकुरेरीत हिवाळ्यात तीनलाच अंधारतं.
एथोर आणि स्टेनुन कोट न काढताच बसले.
मी दोन कागद सरकवले.
एकात हप्ता हलका, पण महागाई चढली
की मुद्दलही चढतं.
दुसऱ्यात हप्ता जड,
मुद्दल मात्र भरलं तेवढं उतरतं.

त्याचं बोट हलक्यावर.
ती हातमोज्यातला बर्फ टिपत राहिली.

सल्ला द्यायची मला मुभा नाही.
एवढंच विचारलं :
छपराचे पत्रे कधी बदललेत?
तळघरात उतरून भिंतीला हात लावलात?
आणि नोकरी गेलीच एकाची,
तर सहा महिने कशावर काढाल?

रात्री बँकेचं माझंच पत्र उघडलं.
एकवीस वर्षं भरतेय, एकही हप्ता न चुकवता,
आणि घेतलं होतं त्याहून
देणं जास्त.
रेडिएटरला पाठ टेकून बसले.
घर ऊबदार आहे,
हेही खरं.

सोमवारी स्टेनुन एकटीच आली.
"भिंत ओली होती," म्हणाली.
"वीस लाख क्रोना उतरवले त्यांनी."
मग हातमोजे काढून टेबलावर ठेवले :
"तो जड कागद
पुन्हा दाखवा."