एक, तीन, चार, दोन

वडाळा नाक्यावर डिसेंबरात सकाळी सातला
शटरची पट्टी हाताला चावते.
भिकनमामांचा चहा नंतर, आधी बॉनेट.

क्षेमकल्याणी बाईंची झेन, राखाडी, पंचविशीतली.
"कसारा घाटात धापा टाकते," बाई म्हणाल्या,
"आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते नुसती,
फळ्यापाशी बोलावलेल्या पोरासारखी."

मिसिंग मारतेय, मी म्हटलं.
मामांना ऐकू आलं नाही. माझं नाही, गाडीचंही नाही.
सातपूरच्या प्रेस शॉपला एकवीस वर्षं दिली त्यांनी,
बाकीचा हिशेब मिळाला, कान तिथेच राहिले.
त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
हवेत बोट: एक. तीन. चार.
पुढच्या ठोक्याला बोट तसंच राहिलं,
पायरी असेल म्हणून टाकलेल्या पावलासारखं.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं,
सरळ एक दोन तीन चार का नाही?
भंगारातला एक क्रँक त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. जड.
बघ, एक आणि चार जोडीनं वर, तेव्हा दोन आणि तीन खाली.
अर्धा फेरा फिरव. आता दोन-तीन वर.
म्हणजे एकानंतर पेटेल तर दोन, नाही तर तीन.
बनवणाऱ्यानं तीनला आधी बोलावलं.
मग चार.
मग उरला तो.

आम्ही चार भावंडं. मी दुसरी.
थोरलीचं लग्न, मग तिसऱ्याची डिप्लोमाची फी,
मग शेंडेफळाची सायकल, गियरवाली,
आणि त्यानंतर माझा आयटीआयचा फॉर्म.
क्रँक मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले होते.
मामांना वाटलं, समजलं नाही.

तर झेन. इंजिन चालू ठेवून
सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेल्या पकडीनं
एकेक प्लगची वायर उपसायची.
एकची काढली, गाडी अडखळली. चांगलं.
परत लावली. तीनची काढली, बंदच पडायला आली. उत्तम.
चारची काढली, बॉनेटचा दांडा खडखडला.
दोनची काढली.
काही नाही.
जशी होती तशीच चालत राहिली,
जणू त्या घरात तीनच माणसं राहतात.

प्लग खोलला. ओला, पेट्रोलचा वास, काळा नाही.
तीनच्या जागी लावून पाहिला, तिथे मुकाट पेटला.
दोनच्या जागी तीनचा नवाकोरा प्लग, तरी दोन गप्प.
कॉम्प्रेशन पाहिलं. चौघांचं सारखं.
मामा म्हणाले, शटर पाड.

मागची खिडकी उघडी, नळकांडं तिच्याबाहेर,
आत बॅटरीसुद्धा विझवलेली. थांबलो.
मग दिसलं:
दोनच्या वायरवर, क्लिपने घासलेल्या जागी,
निळं, बारीक, मुंगीएवढं काहीतरी
उडी मारून ब्लॉकमध्ये शिरत होतं. परत. परत.
ठिणगी येत होती तिची. पाळीवर, वेळेवर.
वाटेत सांडत होती.

वायरी बदलल्या, चारही, सेटच मिळतो द्वारकेला.
मामांनी पुन्हा मूठ दातांत धरली,
पण बोट काही वर केलं नाही.
स्क्रू ड्रायव्हर पुसला आणि पोऱ्याला
चार कटिंग सांगितले. आम्ही तिघंच होतो.

बाई बिलाकडे बघत होत्या.
"दोन नंबरचा प्लग नवा नाही टाकलास?"
नाही बाई. त्याचं काही चुकलं नव्हतं.
वाळवला, गॅप बघितला,
त्याच्या जागी लावला.