बारा वीस

रुवीतल्या या इस्पितळात
दिवस दुपारी बाराला संपतो.
तसं नियमात लिहिलंय, कलम नऊ,
आणि चार नंबरच्या खिडकीत मी बसते
ते वाचून दाखवायला.

शौकत मुकादम, खाट दोनशे अकरा, पित्ताचे खडे.
घरी जायच्या कागदावर डॉक्टरांची सही अकरा चाळीसला.
विमा कंपनीची औषधांना मंजुरी
बारा वीसला.
मधली चाळीस मिनिटं हसीना समोरच्या बाकावर,
पिशवीत डबा, चपला, नवऱ्याची लुंगी,
सगळं बांधून झालेलं.

"म्हणजे आमचे बाराच वाजले,"
ती म्हणाली आणि हसली.
मीही हसले.
वर कॅमेरा आहे, पण हसायला मनाई नाही.

गुरुवारी रात्री तो पोट धरून आला होता.
शुक्रवार-शनिवार विम्याचं ऑफिस बंद,
ते दोन दिवस रोखीच्या दराने.
रविवारपासून शंभरातले वीस तुमचे,
शिवाय आजचा हा जादा दिवस, तो विम्यात बसत नाही.
हे मी तिसऱ्यांदा सांगत होते.
आधी इंग्रजीत, मग हिंदीत,
मग ती दापोलीची निघाली म्हणून आपल्या भाषेत.
आपल्या भाषेत ते जास्त वाईट ऐकू आलं.

औषधाच्या पाकिटामागे तिने हिशोब मांडला:
भिशी, नंबर मार्चमध्ये, कुणी बदलून दिला तर आधी.
अर्शदच्या शाळेची बस.
सासूला पाठवायचे,
इथे पेन थांबलं.
काट मारली नाही. नुसतं थांबलं.

मग तिने बिल उचललं
आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला.
"जादा दिसाचे दोनच रियाल होय गो?"
बोट कागदाच्या उजव्या बाजूला होतं,
अरबी आकड्यांवर.

त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा.
दोन मात्र आपल्यासारखाच, दोन.

मी काही बोलले नाही.
दोन श्वास, फार तर तीन.
तेवढा वेळ तिच्या घरात पन्नास रियाल होते,
सासूचे पैसे पोचले होते,
भिशी मार्चपर्यंत थांबायला तयार होती.

मग मी डावी बाजू दाखवली.
बावन्न.

तिने माझं पेन परत दिलं, टोपण लावून.
मी पुढचा नंबर पुकारला.

रात्री खोलीवर
माझी पगाराची चिठ्ठी उजव्या बाजूने वाचून पाहिली.
दोनशे पंचावन्न.
तिच्या डोळ्यांनी, दोनशे.