तुंबडीचा हिशेब

इथे मार्चअखेर नसते, डिसेंबरअखेर असते.
तेवढं सोडलं तर वही तीच, लाल शाई तीच
आणि मिरजेहून आणलेलं माझं संशयी डोकं तेच.

सोहारच्या इस्पितळामागे, बंदराकडे तोंड करून
दोन खोल्या. सरकारी पैशातून वर्षभर प्रयोग:
हिजामानं पाठदुखी उतरते का?
एकशेवीस माणसं. साठांना खरे पेले,
साठांना टाचणीएवढं भोक पाडलेले,
ज्यातून ओढ हळूच निसटून जाते
आणि पाठीला पत्ता लागत नाही.

मी फक्त बिलं बघते.
खरा पेला, चारशे बैसा.
भोकाचा पेला, एक रियाल नऊशे, विमानभाडं वेगळं.
मी शेरा मारला: खोट्यावर खऱ्याच्या पाचपट खर्च कसा?
डॉक्टर बुसैना हसल्या नाहीत.
"खोटं नीट केलं नाही," म्हणाल्या,
"तर खरं कळणार कशावरून?"
शेरा मी खोडला नाही. खाली त्यांची सही घेतली.

आमच्याकडे म्हणतात, त्यानं आपली तुंबडी भरून घेतली.
माझी अख्खी नोकरी त्या एका वाक्यावर उभी.
पण तुंबडी म्हणजे मुळात हाच पेला,
पाठीवर उपडा घालायचा, दुखणं ओढून घ्यायचं,
हे मला सांगितलं बाणकोटच्या अब्बास परकारांनी.
क्रेनवर एकवीस वर्षं, दोन मणके झिजलेले,
बसभाड्याच्या पावतीवर शाळामास्तरासारखी सही.
"आमच्या गावात शिंगाची असायची, बाय.
लावणारा पैसे नाय घ्यायचा, नारळ घ्यायचा.
तुम्ही नारळ कुठल्या रकान्यात टाकाल?"
किरकोळ, मी म्हटलं.
ते म्हणाले, "किरकोळ कसा? पाणी होतं त्यात."

नोव्हेंबरात लखोटे फुटले.
दोन्हीकडचं दुखणं उतरलेलं, जवळजवळ सारखंच.
जो काय फरक होता तो चाळणीतून गळून गेला.
खलफान, ज्यानं सगळ्यांना त्याच हातांनी पेले लावले,
खिडकीशी जाऊन उभा राहिला. कुणी त्याला हाक मारली नाही.

मंत्रालयाला एका ओळीत उत्तर हवं होतं.
समितीत एकजण म्हणाला, पैसा समुद्रात गेला.
दुसरा म्हणाला, माणसं बरी झाली, अजून काय हवं?
मी खर्चाची यादी वाचून दाखवली, कारण तेच माझं काम:
बस. गादी. गरम टॉवेल. वीस मिनिटं आडवं पडणं.
दुभाषा, जो प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारी,
झोप लागली का?
हे सगळं दोन्ही गटांना, बैशाचाही फरक न करता.

"किंवा यातलं काहीच नाही," बुसैना म्हणाल्या.
"दुखणं कधी कधी आपलं आपण उतरतं.
तिसरा गट हवा होता, ज्याला काही द्यायचं नाही,
नुसतं मोजायचं. मी मागितला होता."

मागितला होता.
मागच्या वर्षीच्या फाईलमध्ये, पान सतरा:
साठ माणसं, काहीही न देण्यासाठी, बसभाड्यासकट.
त्यावर आडवी लाल रेघ. समासात माझं अक्षर:
अनावश्यक.
किती ठसठशीत लिहिते मी.

अब्बासभाई जाण्याआधी विचारायला आले,
माझा पेला कुठला होता, बाय?
आता सांगायची मुभा होती. यादी काढली.
भोकाचा.
ते बराच वेळ खुर्चीत तसेच बसले,
मग कमरेला हात न लावता उठले
आणि दारातून म्हणाले,
"मग माझं काय ओढलंनी, तेवढं लिवा कुठेतरी."

रकाना नाही.
पुढच्या वर्षाच्या मागणीत, शेवटच्या ओळीत,
निळ्या शाईनं लिहिलं आहे:
साठ माणसं. काहीही न देण्यासाठी.
बसभाडं.
वर जाऊन हे कोण खोडेल ते मला माहीत आहे,
माझ्यासारखंच कुणीतरी, पगाराला जागणारं.