मूळ / बदललेले

लॅम रोडच्या वळणावर रिक्षा सोडली.
हातात फॉर्म, टेप आणि एक पेन्सिल,
जिला टोक काढायचं सकाळपासून राहून गेलंय.
बंगला क्रमांक एकोणीस.
फाटकाला कडी नाही, सायकलची ट्यूब बांधलेली.

कचरू पाळदे पोर्चखाली चपला काढतात.
मीही काढते, देवळात आल्यासारखी.
"व्हिक्टोरियन म्हंजे काय वो बाई?"
राणी होती एक. तिच्या काळातलं.
"इथं आलती का?"
नाही.
कुलपाशी झटापट करत म्हणतात,
"मग नाव तिचं कसं लागलं?"

आत सागाचा जिना, पायरीगणिक वेगळा कुरकुरणारा.
छताच्या कडेला लाकडी झालर,
बाळाच्या टोपड्याला असते तशी.
आणि भिंतीत, दिवाणखान्याच्या ऐन मधोमध, शेगडी.
देवळालीच्या थंडीत पेटत असेल
वर्षाकाठी आठ-दहा रात्री;
बाकीचे दिवस नुसती कुणाच्या तरी गावाची आठवण.
आता धुराड्यात पाकोळ्या आहेत.

मी मापं घेते. ते टेपचं टोक धरतात,
आणि आकडा माझ्याआधी सांगतात.
चोवीस वर्षं झाडलेली खोली
झाडूनंही मोजता येते.
या घरात ते एकदाही झोपलेले नाहीत.
फ्रेनीबाई मुंबईहून शेवटच्या आल्या
तेव्हा चहात पुदिना मागितला होता.
पुदिना अजून आहे, नळापाशी,
कुणी येत नसताना पसरत चाललेला.

खिडकीवर रंगीत काचांचा अर्धा चंद्र :
लाल, पिवळी, लाल, हिरवी, निळी.
निळी जरा फिकी.
स्टुलावर चढून बोट लावते. काच नाही.

"गारपिटीत फुटली," कचरू जमिनीशी बोलतात.
"भगूरच्या बाजारात मिळंना.
पोरगं ह्याच आंब्यावरनं पडलं होतं, मनगट मोडलं.
त्याचा एक्स-रे होता घरात. सोड्यात घातला,
काळं घासून काढलं. बसला बरोब्बर."
पोरगा आता सातपूरला, लेथवर.

फॉर्ममध्ये रकाना आहे :
काचा — मूळ / बदललेल्या. एकावर खूण करा.

दीड वाजताचं ऊन फरशीवर उतरलंय,
लाल, पिवळं, लाल, हिरवं,
आणि निळ्यात, नीट पाहिलं तर,
न घासली गेलेली
दोन बोटं.

पेन्सिल बोथट. तरी 'मूळ'वर खूण करते,
कागद फाटेल इतकी दाबून.

फाटकाची ट्यूब सोडवत ते म्हणतात,
"वीस नंबरला जपून जा. कुत्रं आहे.
आन् काचा सगळ्या नव्या."