टी-शर्टचं टेबल

माझ्याकडे कार्ड घासायचं मशीन होतं,
एवढीच माझी पात्रता.
बेथेस्डाच्या हाय स्ट्रीटवर पोस्टाचं काउंटर,
बाजूला दूध, ब्रेड, लॉटरी,
आणि मागच्या गल्लीत टेगिडच्या आजोबांचं खुराडं.
कोंबड्या कोल्ह्याने नेल्या, मग तिथे ड्रम आले.
बँडचं नाव तेच ठेवलं त्यांनी : कुट येइर.
खुराडं.
पुढे दोन वर्षं ॲम्प्लिफायरमधून पिसं निघत होती.

पहिला कार्यक्रम रग्बी क्लबात.
अकरा माणसं, त्यांतली चार घरचीच,
एक जण चुकून शिरलेला
पण बाहेर पाऊस होता म्हणून शेवटपर्यंत थांबला.
टी-शर्ट छापले चाळीस, खपले दोन.
त्यातला एक मी घेतला.
दुकानदार आहे, बोहनी कळते मला.

हेलेधने मला त्यांचा तो अवघड ल शिकवला :
जीभ दातांमागे टेकव, कडेने हवा सोड
फिस्कारलेल्या मांजरासारखी.
बदल्यात मी ळ दिला.
केळं. काळोख. घोटाळा.
तिसऱ्या दिवशी ती 'घोटाळा' असं काही म्हणाली
की आमच्या कराडच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती.
एवढंच नाही, त्यांच्या भाषेत
शब्दाला शब्द लागला की गावाचं पहिलं अक्षरच बदलतं.
आमच्याकडे शेपूट बदलतं, मी म्हटलं,
तुमच्याकडे तोंड.
गुतो बासची तार लावत होता. हसला नाही.
त्याला हसायला नेहमी अर्धा तास लागायचा.

मग एका रात्री अकरानंतर रेडिओवर वाजलं गाणं.
टेगिडची आई हातातलं ताट तसंच धरून
सिंकपाशी उभी.
पाणी वाहत राहिलं.

उत्तरेतून दक्षिणेला सरळ रेल्वे नाही.
आपल्याच देशात जायला
इंग्लंडात शिरून परत यावं लागतं.
म्हणून व्हॅन. पाच तास,
ट्रॅक्टरमागे, मेंढ्यांमागे, उलटी करणाऱ्या गुतोसाठी थांबत.
कार्डिफला तीनशे माणसं होती.
शेवटच्या गाण्यात शब्द संपून नुसतं ल-ल-ल उरायचं,
तिथे हेलेधने माझ्याकडे पाहिलं
आणि म्हणाली : ळ ळ ळ.
तीनशे जिभा टाळूकडे वळल्या.
निम्म्यांना जमलं नाही.
मी टेबलामागे उभा, सुटे पैसे मोजत,
चुकलो, परत मोजले.

नंतर लंडनचा माणूस आला. पांढरे बूट.
एक, म्हणाला. फक्त एक गाणं इंग्रजीत.
त्यांच्या भाषेत सुटं 'नाही' नसतं,
प्रश्नातलं क्रियापदच उलटून परत द्यायचं.
त्याने तर इंग्रजीत विचारलं होतं.
हेलेध क्रियापद शोधत राहिली,
तोवर त्याने कार्ड ठेवलं आणि गेला.

त्यांनी लिहिलं ते गाणं. लपवायचं कशाला.
खुराड्यात एका दुपारी रेकॉर्डही केलं.
माझ्या फोनमध्ये आहे अजून.
चांगलं आहे.
ऐकून झाल्यावर टेगिड म्हणाला, चांगलं आहे,
आणि कोणीच पुढे काही बोललं नाही.
पाठवलंही नाही.

भांडण झालं असतं तर सांगायला बरं पडलं असतं.
टेगिडला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर नोकरी लागली,
तीन आठवडे तिकडे, दोन घरी.
हेलेध शाळेत शिकवते, घसा दुखतो म्हणते.
शेवटचा कार्यक्रम शेवटचा आहे
हे त्या रात्री कोणालाच माहीत नव्हतं,
नाहीतर मी नीट ऐकलं असतं.
मी प्लगची पिन शोधत होतो.

दुकानात पाटी आहे, हेलेधकडूनच लिहून घेतलेली,
त्यांच्या भाषेत : आज रोख, उद्या उधार.
काल एक पोरगा आला, चौदाचा असेल,
पाठीवर गिटार, तिला केस नाही, प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली.
खुराड्याचा टी-शर्ट आहे का, म्हणाला.
सात उरलेत. सगळे सर्वांत मोठ्या मापाचे.
अंगाला लावून पाहिला, गुडघ्यापर्यंत आला.
होईन मोठा, म्हणाला.

मशीनला सिग्नल नव्हता.
पाटीकडे पाठ करून
मी वही काढली.