छताचा नकाशा

पहिल्या सत्रात मी चिरा अभ्यासला.
भोकाभोकांचा एक तुकडा, ओला केला की कलेजीच्या रंगाचा,
वाळला की हातावर लाल पीठ.
दुसऱ्या सत्रात शिंपल्यांची खिडकी:
तिच्यातून ऊन ताकासारखं पातळ होऊन येतं,
असं मी अहवालात लिहिलं.
बाईंनी खाली पेन्सिलीने विचारलं, किती लक्स?
मोजलं. एकशे चाळीस.
दोन्ही खरं होतं.

शेवटचा प्रकल्प फोंड्याचा.
छोट्या इस्पितळातला डायलिसिस कक्ष,
पाच खाटा, तीन पाळ्या,
आणि सगळ्यांवर राग काढणारा एक एसी.
विषय मी लांबलचक लिहिला होता:
अवकाश, साहित्य आणि स्वास्थ्य यांचा परस्परसंबंध.
सिस्टर पर्पेतिनांनी तो शेवटपर्यंत वाचला.
"बरं," म्हणाल्या, "चपला बाहेर काढ."

बारा दिवस टेप घेऊन फिरले.
दोन खाटांमधलं अंतर, सॉकेटची उंची,
दारातून स्ट्रेचर वळायला लागणारी जागा.
तीन नंबरच्या खाटेवर आग्नेलबाब,
रायबंदर ते चोडण, बत्तीस वर्षं फेरीबोटीवर,
आता लेकीकडे, डाव्या हातात दोन सुया.
म्हणाले, "चेडवा, सगळं मोजलंस.
आम्ही राहतो ते तेवढं राहिलं."
आणि मोकळ्या हाताचं बोट वर केलं.

वर पांढरे चौकोन, चौकोनांना भोकं,
डोळ्यांच्या बरोबर वर ट्यूबलाइट,
आणि गळतीचा एक तपकिरी डाग.
"तो चोडण. कडेला धक्का.
चार तासांत अकरा फेऱ्या होतात माझ्या.
मशीन ओरडलं तर बारा."

दुपारी खाट रिकामी झाली तेव्हा मी आडवी झाले.
पाच वर्षं घरं काढली ती छप्पर उचलून,
घारीसारखी वरून बघत.
खालून कुणीच शिकवलं नव्हतं.
गार वारा थेट गळ्यावर येत होता.
माझा उजवा हात काही तरी धरायला शोधत होता,
आणि धरायला फक्त चादर होती.

त्या रात्री माटोळी काढली.
खाटेवर लाकडी चौकट, तिला सुपारीची शिपटं,
आंबाडे, कांगलां, नारळाची पेंड;
चवथीला घरात जे आपण वर बघतो, ते सगळं.
रंग भरता भरता पहाट झाली.
सिस्टरनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
"सुंदर आहे गो. पण जे ब्लीचने पुसता येत नाही
ते इथे राहत नाही."
एक वाळलेलं पान, एक मुंगी, एक सुई.
मला बाकीचं सांगावं लागलं नाही.

तर उरलं ते एवढंच:
दिवा दोन फूट पायांकडे सरकवला.
एसीचं तोंड भिंतीकडे केलं.
उजव्या हाताशी एक गोल कठडा,
बेचाळीस मिलिमीटर जाडीचा, पुसता येणारा.
ही जाडी पुस्तकातली नाही,
फेरीवर जाऊन मी कठडा मोजला तेव्हा
तिकीट न काढणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी
मला वेड्यात काढलं.

परीक्षकांनी विचारलं, संकल्पना काय?
मी म्हटलं, जरा झोपून बघा.
कुणी झोपलं नाही. एकाने मान वर केली,
मानेत काही तरी कट्कन वाजलं,
त्यांनी लिहून घेतलं. बी प्लस.

डाग मात्र ठेवता आला नाही.
ती बुरशी होती, मीच अहवालात तसं लिहिलंय, पान एकोणचाळीस.
चौकोन बदलला त्या मंगळवारी
आग्नेलबाब काहीच बोलले नाहीत.
हात कठड्यावर होता. पुढच्या महिन्यापासून
त्यांची पाळी पहाटेची झाली, माझी बस नऊची.

जुना चौकोन सिस्टरनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.
होस्टेलच्या कपाटावर आहे.
कधी कधी उतरवते, फिरवून बघते.
धक्का कुठल्या बाजूला होता
ते विचारायचं राहिलं.