रकाना सात

दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत
पत्रक शिमल्याला पोचायला हवं.
तिथे थंडीत कुणीतरी बसतं
आणि देशभरातले थांबलेले हात मोजतं.
मी त्याला पाहिलेलं नाही,
फक्त शेऱ्यांवरून ओळखते:
‘बेरीज जुळत नाही.’
‘कारण स्पष्ट करावे.’

हिशेब साधा आहे.
माणसं गुणिले दिवस, वजा रविवार,
म्हणजे वाया गेलेले मनुष्यदिवस.
दहापेक्षा कमी माणसं असली
तर संप झालेलाच नसतो.

साखर पेठेमागच्या बोळात
मालकांनी कुलूप काढून शेड दाखवली.
बारा माग, अर्धे विणलेले टॉवेल,
किनारीचं लाल सूत लोंबतंय.
हजेरीवर नऊ नावं.
‘संप कसला, मॅडम, मोटर जळालीय.’
मोटर जळाली की वास राहतो दिवसचे दिवस.
इथे नुसता खळीचा वास.

बाहेर चहाच्या गाडीवर नरसय्या गुंडेटी म्हणाला,
‘बुधवारी तीनला आम्ही हात थांबवले.
पाचला त्यांनी फ्यूज काढून खिशात घातले.’
म्हणजे दोन तास संप,
त्यानंतर टाळेबंदी.
पत्रकात दोन तासांना जागा नाही.
कारणांत आहे वेतन, बोनस, बेशिस्त, इतर.
मालकाचा खिसा ‘इतर’मध्ये बसतो का,
कुणाला विचारू?

‘नऊच ना तुम्ही?’
‘नऊच.’
ग्लास खाली ठेवला त्यानं.
‘अंबूअक्काला धरलं तर दहा.’

अण्णा गिरणीत होते, विणाई खात्यात,
पितळी बिल्ला एक हजार एकशे सेहेचाळीस.
गिरणी कायमची बंद झाली
आणि त्यांचे दिवस मोजणं थांबलं:
संप नाही, टाळेबंदी नाही,
मेलेल्याचा ताप कोण बघतो.
भोंगा नसताना पावणेसहाला उठून
ते दाराच्या कडीला हात लावायचे
आणि परत येऊन बसायचे.
एकोणीस वर्षं.
गुणाकार मी केलेला नाही.

विडी घरकुलात, तिसऱ्या गल्लीत,
अंबूबाई बोद्धूल ओट्यावर कांड्या भरते, शेकड्यावर.
सूत सायकलवरून येतं, कांड्या सायकलवरून जातात.
शेड तिनं कधी पाहिलेली नाही.
चरख्यावर जुना ब्लाऊज झाकलेला.
‘अकरा दिवस सूतच आलं नाही बघ.
संप हाय होय? मला कुणी सांगितलंच नाही.’
मग हसली, दातांत तंबाखू:
‘म्हणजे मीबी संपावर?’

मी म्हटलं, तेच ठरवायला आलेय.

‘मग लिही की गं.
काम करत होते तवा कुणी आलं नव्हतं लिहायला.’

रकाना सात: गुंतलेल्या कामगारांची संख्या.
नऊ लिहिलं असतं तर
घरी लवकर गेले असते.
दहा लिहिलं.
दहा गुणिले अकरा, वजा एक रविवार:
शंभर.

गोल आकड्यावर तिथे संशय घेतात, ठाऊक आहे.
शेरा येणार:
‘दहावा कामगार हजेरीपटावर आढळत नाही.’
उत्तराचा मसुदा खणात तयार आहे.
तिसरी गल्ली, निळं दार, समोर नळ.
उन्हं कलल्यावर यावे.
चरख्यावर ब्लाऊज झाकलेला दिसला
तर आकडा अजून वाढतो आहे असे समजावे.